नळावरची लाल अक्षरं

घाटकोपर पूर्वेला झोपड्या पाडून बांधलेल्या त्या सात मजली इमारतीत कुठलीही बातमी खरी ठरायची असेल, तर ती आधी सुगंधाच्या प्रिंटरमधून बाहेर यावी लागे. लिफ्ट बंद, सोसायटीची सभा, विहारातलं शिबिर, गणपतीच्या आरतीची वेळ, सगळं तिच्याकडून छापून जिन्याखालच्या फळ्यावर लागायचं. सेक्रेटरी तोंडाने बोलला की लोक निम्मं ऐकत. तेच कागदावर आलं की निदान भांडायला तरी सगळे जमत.

सुगंधा मूळची वाशिमकडची. लग्न होऊन मुंबईत आली, बालवाडीत शिकवू लागली, आणि लेकीच्या, श्रुतिकाच्या कॉलेजसाठी घेतलेला प्रिंटर बघता बघता तिचाच होऊन बसला. श्रुतिका नुसतं बटण दाबायची. त्या यंत्राचे रुसवेफुगवे काढायची ती सुगंधाच. कागदाच्या कडेला काळे ओरखडे आले की आतला रोलर ओल्या फडक्याने पुसायची. अक्षरांत पांढऱ्या रेघा दिसल्या की यंत्राला शाईचं हेड साफ करायचा हुकूम द्यायची आणि नमुन्याची पट्टी छापून उजेडात धरायची. चकचकीत कागदावर शाई थबथबली तर कागदाचा प्रकार चुकीचा निवडलाय, हे तिला लांबूनच कळे. छापलेला कागद पंख्याखाली वाळल्याशिवाय कुणी हात लावला की बालवाडीतल्या आवाजात ओरडा बसे. आजूबाजूच्या इमारतींतूनही लोक डागाळलेले कागद घेऊन तिच्याकडे येत आणि ती डॉक्टरसारखी कागद उलटासुलटा करून निदान सांगे. ह्या कौतुकाने ती जराशी फुगलीही होती. का फुगू नये? दुसरं कोण कौतुक करत होतं तिचं?

तिची एक खोड होती. महत्त्वाचा शब्द लाल. बालवाडीतल्या तक्त्यांवर वर्षानुवर्षं तसंच करत आल्याने काळ्या अक्षरांत लिहिलेला इशारा तिला इशारा वाटायचाच नाही. शाई संपली की ती स्टेशनजवळच्या चंद्रप्रकाशच्या दुकानात जाई. मागच्या वेळी त्याने तिच्यापुढे दोन प्रकारच्या बाटल्या ठेवल्या होत्या.

"ताई, काळी तुमची पिगमेंटची आहे, ती कागदावर घट्ट बसते. पाणी पडलं तरी हलत नाही. रंगाच्या तिन्ही डायच्या आहेत, त्या पाण्याला टिकत नाहीत. रंगातपण पिगमेंट येते, देऊ का? तुमच्या मशीनला चालेल. फक्त रंग थोडा मंद येईल."

"मंद म्हणजे?"

त्याने दोन नमुने दाखवले. एकातला लाल विटकरीकडे झुकलेला, दुसऱ्यातला मिरचीसारखा भडक.

"हा दे," सुगंधाने भडक नमुन्यावर बोट ठेवलं. "माझे कागद काय पावसात भिजायला ठेवायचेत?"

आणि ते खरंच होतं. जिन्याखालचा फळा कोरडा ठणठणीत होता.

त्या फळ्याचे सगळ्यात निष्ठावंत वाचक म्हणजे तळमजल्यावरचे नाना. मालवणचे. उभा जन्म गिरणीत मागावर गेला आणि मागांच्या खडखडाटात कान गेले. नाकाची वाट तपकिरीने लावली. डोळे मात्र शाबूत, आणि त्यांचा नानांना कोण अभिमान! एवढं वय झालं तरी चष्म्याशिवाय वाचत. बायको गेल्यापासून एकटेच राहत. मुलगी माधुरी मुलुंडला दिलेली, ती रविवारी डबा घेऊन यायची. नाना रोज सकाळी चहा झाला की फळ्यासमोर उभे राहून पहिल्या ओळीपासून खालच्या फोन नंबरापर्यंत सगळं वाचून काढत. मोबाइलच्या ग्रुपवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"सुगंधान छापला म्हणजे खरा," ते सांगत. आणि ती दिसली की चिडवत, "काय गो, आज लाल नाय? मग कोण वाचतला?"

सुगंधा हसायची. तिच्या लेखी नाना म्हणजे घरचंच माणूस होतं.

त्या दिवशी दुपारी प्लंबर खालच्या टाकीतून वर आला तो नाकाला रुमाल लावूनच. शेजारच्या खोदकामात गटाराची लाइन फुटली होती आणि टाकीच्या भिंतीतून ते पाणी आत झिरपत होतं. सफाईवाले दुसऱ्या दिवशी येणार होते. तोवर पाणी पूर्ण तोडलं तर सात मजले सेक्रेटरीला उभा चिरतील, म्हणून ठरलं की पाणी चालू ठेवायचं, संडासाला, फरशीला वापरायचं, पण प्यायचं नाही. ग्रुपवर निरोप गेला. सुगंधाने लगेच प्रिंटरला कागद लावला. वर काळ्यात "खालच्या टाकीचे पाणी", मधोमध पानभर लाल "पिऊ नका", आणि खाली पुन्हा काळ्यात, "वापरासाठी चालू राहील. सर्वांनी नोंद घ्यावी."

पहिला कागद डागाळून आला. लाल अक्षराच्या पोटात एक ओरखडा उठला होता. घाई होती, तरी तिला तो बघवेना. तिने रोलर पुसला, हेड साफ केलं, कागद बदलला आणि पुन्हा छापलं. ह्या वेळी अक्षरं इतकी नेटकी आली की तिने ती हात लांब करून क्षणभर बघितली. पंख्याखाली नीट वाळवली. मग तिला वाटलं, फळ्यावर लावून काय उपयोग? माणूस पाणी भरतो नळावर. तिथेच डोळ्यांपुढे हवं. तळमजल्याचे लोक पिण्याचं पाणी पंपाशेजारच्या नळावरून भरत, तो नळ थेट खालच्या टाकीचा होता. सुगंधाने त्या नळाच्या वर, वीतभर अंतरावर कागद ठेवला आणि चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी मारली. तिचा हेतू चांगला होता. त्याच हेतूने घात केला.

परतताना ती नानांच्या दारापुढे थांबली. दार ओढलेलं होतं, आत नाना झोपले असावेत. तिने कडी वाजवायला हात उचलला आणि मनात म्हणाली, कडी वाजवून ह्यांना ऐकू थोडंच येणार आहे? आणि नळावर गेले की वाचतीलच ते. नाना वाचणार नाहीत तर कोण वाचणार? तिने हात खाली घेतला.

संध्याकाळी नळावर बादल्या लागल्या. लोक धुण्यापुसण्याचं पाणी भरत होते, बादली भरली की धार काठावर आदळून भिंतीवर उडत होती. ज्यांनी कागद दुपारीच वाचला होता, त्यांनी पुन्हा वर बघितलं नाही. सुगंधा पाचव्या मजल्यावर होती. सकाळी ती लिफ्टने उतरून तडक बालवाडीत गेली. नळाकडच्या बोळात डोकवायचं तिला काही कारणच नव्हतं.

दुपारी सफाईवाले आल्याचा नवा कागद घेऊन ती बोळात शिरली आणि जागच्या जागी थिजली.

काळी अक्षरं ठसठशीत होती. आत्ताच छापल्यासारखी. मधला लाल शब्द नव्हताच. तिथे फिकट गुलाबी ओघळ होते, ते कागदावरून उतरून खालच्या पांढऱ्या लादीपर्यंत आले होते. तिने उरलेलं वाचलं. "खालच्या टाकीचे पाणी वापरासाठी चालू राहील." पुन्हा वाचलं. चंद्रप्रकाशचं बोलणं तिला शब्दन्‌शब्द आठवलं आणि काही सुचायच्या आत तिने तो कागद ओरबाडून पर्समध्ये कोंबला. मग ती नानांच्या दाराकडे पळाली.

ह्या वेळी कडीपाशी न थांबता तिने दार ढकललं. नाना मोरीच्या उंबऱ्याशी आडवे पडले होते. लुंगी घाण झालेली, ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. ओट्यावर कळशी होती, अर्ध्याच्या वर रिकामी.

त्यांना रिक्षात घालून पालिकेच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत बोळात माणसं जमली. "नोटीस लावली होती ना नळावर?" "हो रे, चांगली एवढी मोठी. मी स्वतः वाचली." "मग? म्हातारा ऐकतोय कुणाचं!" सुगंधा रिक्षात नानांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने ते सगळं ऐकलं आणि तोंड उघडलं नाही. तिला भीती वाटत होती, नानांसाठी आणि स्वतःसाठीही.

संध्याकाळी ती वॉर्डात गेली तेव्हा माधुरी आली होती. डॉक्टर सांगून गेले होते की अंगातलं पाणी फार गेलंय, लघवी होत नाहीये, किडनीचं काही सांगता येत नाही, आजची रात्र बघू. माधुरीला रडायचं होतं, पण आधी राग बाहेर पडत होता.

"अहो नाना, एवढा मोठा कागद होता!" ती त्यांच्या कानाशी ओरडत होती. "सगळ्या बिल्डिंगने वाचला! तुम्हाला वाचायला काय झालं होतं?"

नानांनी मान हलवली. त्यांचा आवाज फडक्यासारखा चुरगळला होता.

"वाचलंय गो. वाचूनच भरलंय." त्यांनी सुकल्या ओठांवरून जीभ फिरवली. "चालू रवतला असाच दिसला माका. डोळे गेले आता माझे. कान गेले, डोळेपण गेले."

त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडे ठेवून आता काय करायचं, असं म्हटल्यासारखे.

सुगंधाला ते सोसवेना. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. कागद पर्समध्ये होता, इमारतीने निकाल देऊन टाकला होता, नानांनी स्वतःवर ठपका घेतला होता. तिने पर्स उघडली, तो चुरगळलेला कागद पलंगावर सरळ केला, नानांचा खांदा हलवला आणि ते डोळे उघडेपर्यंत तसाच समोर धरला.

"नाना, तुम्ही बरोबर वाचलंत!" ती ओरडली. आख्ख्या वॉर्डाने माना वळवल्या. "डोळे चांगले आहेत तुमचे! हे बघा! माझी शाई पाण्याने गेली, नाना! मी नळावर लावला कागद!"

नानांनी डोळे बारीक केले. ओठ हलवत त्यांनी पहिली ओळ वाचली, मग शेवटची. मधल्या गुलाबी ओघळांवरून त्यांची नजर सरकली आणि त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला.

"बघ," ते लेकीला म्हणाले. "बघ गो माधुरी. सांगी होतंय ना, मी बरोबर वाचलंय."

माधुरीने बापाकडे बघितलं नाही. तिने सुगंधाच्या हातातून कागद घेतला, सावकाश वाचला आणि मान वर केली.

"हा कालपासून तुझ्याकडे होता?" तिने विचारलं.

"आज दुपारपासून," सुगंधा म्हणाली.

"आणि आम्ही सगळे दुपारपासून ह्यांना शिव्या घालतोय."

नाना अजून हसत होते. नर्स आली, तिने पलंगाला लावलेली लघवीची पिशवी उचलून पाहिली, रिकामीच होती, आणि ती घाईघाईने डॉक्टरांना बोलवायला गेली.