कळ थांबली तेव्हा

महाराजपुरातल्या कुंदाबाईंच्या तोंडात चावायला एकच जागा उरली होती. डावीकडच्या दाढा एकेक करून गेल्या. उजवीकडे वरखाली मिळून जी एक जोडी राहिली, तिच्यावर त्यांची ज्वारीची भाकरी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे, सगळं चालायचं. ही जोडी मोडली की पुढचं आयुष्य नुसतं गिळण्यात जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आईचं तसंच झालं होतं.

आणि त्यातलीच खालची दाढ दुखू लागली. थंड पाणी लागलं की कळ थेट कानात जायची. सून प्रणाली त्यांना शहरातल्याच गोरखपूर भागातल्या दवाखान्यात घेऊन निघाली.

"रूट कॅनल मी करून घेणार नाही," ऑटोत बसल्या बसल्या कुंदाबाईंनी सांगून टाकलं. "भोक पाडतात अन् नस ओढून काढतात. शेजारच्या विनीताची दाढ त्यानंच फुटली."

"पहिले दाखवा तर, आई. आतापासूनच काहून घाबरून राहिल्या?"

डॉक्टर रश्मींनी दाढेवर वाऱ्याची बारीक फुंकर सोडली. कुंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. फुंकर थांबली तशी कळही थांबली.

"अच्छी बात है, आंटी. नस जिंदा है. रूट कॅनल की जरूरत नहीं."

हिरडी खाली सरकली होती, दाढेच्या बुडाशी घासून घासून खाच पडली होती, म्हणून पाणी झोंबत होतं. डॉक्टरांनी ते आरशात दाखवलं. आज तिथे औषधाचा लेप लावायचा, महिन्याभरानं खाच भरून घ्यायची, झोंबणाऱ्या दातांची पेस्ट आणि मऊ ब्रश वापरायचा. एवढ्यावर भागणार होतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "गुडाखू घिसती हैं न?"

कुंदाबाईंनी मान खाली घातली. तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायला त्यांना सासूनं शिकवलं होतं, नव्या नवरीच्या दिवसांत. सकाळी मागच्या ओट्यावर बसून बोट फिरवलं की दात बधिर व्हायचे, डोकं हलकं व्हायचं. तेवढ्या वेळात त्यांना घरातलं कोणी हाक मारत नसे. दिवसभरात त्यांचा म्हणावा असा तेवढाच वेळ.

"छोड़ना पड़ेगा. नहीं तो मेरा लेप किस काम का?"

"छोड़ देंगे," कुंदाबाई म्हणाल्या.

लेपानं गुण आला. माठातलं पाणी त्या पुन्हा घटाघट पिऊ लागल्या. आणि दाढ बरी वाटताच, न्हाणीघराची कडी लावून, गुडाखूही पुन्हा सुरू झाला. थोड्याच दिवसांत कळ परतली. मग तिला बधिर करायला जास्त चोळणं, आणि चोळण्यानं खाच आणखी खोल. खाच भरायची तारीख आली, तेव्हा त्यांनी पाहुणे येणार असल्याचं सांगून टाळली. पुढे गरम चहानंही ठणका लागू लागला, आणि घोट गिळून झाला तरी तो सरेना. सांगावं तर गुडाखू उघडा पडणार. त्या सोसत राहिल्या.

एका सकाळी ठणका नव्हता. थंड पाण्यानं नाही, चहानंही नाही. कुंदाबाईंनी मूठभर शेंगदाणे खाल्ले आणि सुनेला ओट्यावर बोलावलं.

"झाली का नाही बरी? सांग तुझ्या डॉक्टरणीला, गुडाखूनं बरी केली म्हणून."

"म्हणजे सोडलाच नव्हता तुम्ही!"

"सोडला असता तर अजून रडत बसली असती मी," कुंदाबाई हसल्या. प्रणालीलाही हसू आलं.

पावसाळा सरता सरता गाल सुजला. डॉक्टरांनी बर्फासारखा गार बोळा दाढेला टेकवला.

"कुछ लगा?"

"कुछ भी नहीं," कुंदाबाई ऐटीत म्हणाल्या.

डॉक्टरांनी दाढेचा एक्स-रे काढला, तो बराच वेळ उजेडासमोर धरला. आतली नस मेली होती, मुळाशी पू साचला होता, आणि दाढ खाचेपासून खाली मुळापर्यंत चिरली होती.

"अब रूट कॅनल से भी नहीं बचेगी, आंटी. निकालनी पड़ेगी."

"पर दर्द तो बंद हो गया था..."

"नस मर गई, इसलिए बंद हुआ. दर्द था तब तक बचा सकते थे."

कुंदाबाईंनी प्रणालीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

सूज उतरल्यावर दाढ काढली. त्यानंतर कितीतरी दिवसांनी, जखम भरली तेव्हा, कुंदाबाईंनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला. उजवीकडे ढकलला, डावीकडे ढकलला, पुन्हा उजवीकडे. जबडा हलत होता आणि तुकडा तसाच होता. त्यांनी तो पदरात काढून घेतला.

"खिचडी टाकू का, आई?"

"भूक नाही," त्या म्हणाल्या, आणि घरातले जेवून उठेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.