डिकीतली बॅटरी आणि आईचा विळा

गाडीची बॅटरी बॉनेटखाली असते. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी काही विचार करूनच ती तिथे ठेवली असणार. पण आमच्या घरात विचार करण्याचा मक्ता एकट्या नवऱ्याकडे आहे. रेल्वेतली ड्यूटी संपवून आले की हे मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत बसतात. त्यातून यांच्या डोक्यात शिरलं की इंजिनाच्या उष्णतेने बॅटरी लवकर मरते, आणि पुढचं वजन मागे नेलं की गाडीचा तोल सुधारतो. झालं! मसोलीच्या आमच्या अंगणात गाडी पोट फाडल्यासारखी उघडी पडली. जाडजूड केबल सीटखालून मागे ओढली, डिकीच्या कोपऱ्यात बॅटरी पट्ट्याने आवळली, वर एक सुटी फळी टाकली आणि मला हाक मारून दाखवली.

"आणि आईचं सामान कुठे ठेवायचं?" मी विचारलं.

"होईल गं ॲडजस्ट."

होईल ॲडजस्ट! त्या गाडीत माझ्या आईचा वाटा तेवढाच होता, डिकीचा. माझं माहेर तलासरीच्या डोंगराकडच्या गावात. भात झोडून घरात आलं की आम्ही जातो आणि आई डिकी भरून देते. नवे तांदूळ, नागली, उडीद, आणि वर यांच्यासाठी गावठी कोंबडीचं कालवण, डेगचीला फडकं बांधून. रांधलेली कोंबडी वाटेने न्यायची तर आमच्याकडे वर लोखंड ठेवतात, वाटेवरचं काही लागू नये म्हणून. आई विळा ठेवते. पुढच्या खेपेला मी तो परत नेऊन द्यायचा. हे सगळं यांनी लग्नापासून पाहिलेलं आहे, आणि ते कालवण बोटं चाटून खाल्लेलं आहे.

बॅटरी मागे गेल्यानंतरच्या पहिल्याच खेपेला सामानाबरोबर आईसुद्धा येणार होती. वडील गेल्यापासून ती एकटी राहते, गुडघे धरलेत. दर वेळी म्हणायची, "पोरीच्या घरात किती दिस राहू?" किती आर्जवं केली तेव्हा कुठे होळीपर्यंत आमच्याकडे राहायला कबूल झाली होती. तिने धुतलेली लुगडी गाठोड्यात बांधून दाराशी ठेवली होती. कोंबड्या शेजारणीकडे सोपवल्या होत्या. मी घरात खिडक्या लावत होते.

बाहेर फाडकन आवाज झाला. धावत गेले तर डिकीतून धूर, जळक्या रबराचा वास, आणि आई दोन पावलं मागे, एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरून उभी. डेगची तिने नेहमीच्या कोपऱ्यात ठेवली होती, वर विळा. फळी सरकली होती आणि विळा घसरून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला होता. हात काढता काढता तिची बोटं पोळली.

मला वाटलं, हे आधी तिचा हात बघतील. हे बॅटरी बघत होते.

"आई, अक्कल गहाण ठेवलीत का तुम्ही? बॅटरीवर कुणी लोखंड ठेवतं? अडाणीपणाची हद्द झाली!"

शेजारीपाजारी गोळा झाले होते. त्या गावात जावई सासूशी मोठ्याने बोलत नाही. आई खाली बघत एवढंच म्हणाली, "मना काय ठावं, जावय? मी तं दरसाल इथंच ठेवते."

मग ती गाठोडं उचलून घरात गेली. मी मागोमाग गेले, बोटांना गार पाणी लावलं, विनवण्या केल्या. "नको बाई," म्हणाली, "तुझ्या घरात सगळी कळ-बटणांची यंत्रं. माझा हात कुठं लागला, काय जळलं, तं तुला बोल लागंल." हे शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून तलासरीहून नवी बॅटरी घेऊन आले. तिला घेतल्याशिवायच आम्ही निघालो. वाटभर हे बॅटरीबद्दल हळहळत होते. आईबद्दल एक शब्द नाही.

घरी आल्यावर रबरबँडच्या खणात मला ते सापडलं. बॅटरीच्या टोकांवर घालायची रबरी टोपणं, लाल आणि काळं, कोरी करकरीत. मी ती यांच्यासमोर आपटली. म्हणाले, "ती घातली की वरची फळी सपाट बसत नव्हती."

फळी सपाट बसत नव्हती! फळीखातर माझ्या आईची बोटं पोळली, चारचौघांत तिची अब्रू गेली, आणि वर अडाणी तीच. माझं डोकं असं फिरलं की मी ताटं वाढायचीसुद्धा सोडून दिली. बॅटरी जिथली तिथे जात नाही तोवर त्या गाडीत बसणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. यांनी ती शेवटी पुढे बसवून आणली. कबुली मात्र नाही. म्हणे, केबल लांब पडते, करंट कमी मिळतो. ऑफिसात तर सासूने गाडी कशी उडवली याचा किस्सा हसून हसून सांगत होते. त्यांच्या सोबत्याच्या बायकोनेच मला ऐकवला.

पुन्हा आईकडे गेलो तेव्हा मी तिला हाताला धरून आणलं, बॉनेट उघडून दाखवलं. "बघ, बॅटरी इथे असते. तुझं काहीच चुकलं नव्हतं. यांनीच ती उघडी ठेवली होती." हे तेव्हा टायर बघत होते. आई बॉनेटपासून लांबच थांबली. मग डेगची घेऊन डिकीपाशी गेली, कोपऱ्यात टवका उडालेला तोच विळा हातात धरून उभी राहिली, आणि यांना विचारलं, "ठेवू का, जावय?"

इतकी वर्षं जे न विचारता केलं, त्याला आता परवानगी! आणि हे म्हणतात कसे, "ठेवा की, आता काही हरकत नाही." भीक घातल्यासारखं. मी यांच्या हातातून चावी घेतली. "आई पुढे बसेल, मी चालवते. तुम्ही मागे बसा." माझा चेहरा बघून हे मागे जाऊन बसले.

पुन्हा मनधरणी केली तेव्हा आई गाठोडं घेऊन आली. पुढे बसली, पट्टा मी लावला. मसोली येईपर्यंत तिने दोन्ही हात मांडीवर जुळवून ठेवले होते. वळणावर गाडी कलली तरी तिने कुठे धरलं नाही. अंगणात गाडी थांबली, हे उतरून घरात गेले. मी उतरून डिकीतलं सगळं सामान ओट्यावर नेऊन ठेवलं, तरी ती आतच. मला वाटलं गुडघे दुखत असतील.

काचेतून हळूच म्हणाली, "दार तूच उघड गं. मी नाही हात लावत."