दांड्याच्या टोकाची जागा

एर्सिलियामावशीला आमच्या वाडीत कोणी सहज 'कशी आहेस' असं विचारत नाही. विचारलं की ती म्हणते, "तुझ्यापेक्षा बरी," आणि मग समोरच्याच्या तब्येतीची अशी काही चौकशी करते की तो घरी जाऊन आरशात जीभ बघतो. सदुसष्ट वर्षांची, चिमणीएवढी बाई. पाद्रीबाबांच्या टोपीत एकदा तिने जिवंत खेकडा ठेवला होता, आणि नंतर कबुलीला जाऊन तेच पाप त्यांच्याच कानात सांगून क्षमाही घेऊन आली होती.

मी लिसार्दो, वाडीतला होड्यांचा सुतार. सान पेद्रोच्या, म्हणजे कोळ्यांच्या संताच्या सणाला जे झालं ते सांगण्याआधी मी तेव्हा कुठे उभा होतो ते कबूल करून टाकतो, नाहीतर मावशी सांगेलच. मी खुंटाजवळ उभा होतो.

आमच्याकडे होड्या वाळूवर ओढायला एक रहाट आहे. छातीएवढा उंच, जाड लाकडी खुंट आणि त्याला चारी बाजूंनी चार लांब दांडे. दांडे ढकलत गोल फिरायचं, की दोर खुंटाला गुंडाळला जातो आणि होडी चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून वर सरकते. यात मानाची जागा खुंटाला अगदी लागून. तिथे होड्यांचे मालक, वाडीचा अध्यक्ष, जुन्या घरांतले पुरुष. जोर खुंटात असतो, असं आमचे आजोबा सांगायचे. शिवाय तिथे चालावंही कमी लागतं, त्यामुळे आजोबांवर कोणी शंका घेतली नाही. दांड्यांच्या टोकांना बाया. त्या मोठ्या फेऱ्यात वाळू तुडवत धावायच्या. आम्ही आत दातओठ खाऊन असे कण्हायचो, की ऐकणाऱ्याला वाटावं होडी त्या कण्हण्यानेच वर येतेय.

त्या वर्षी मे महिन्यात अध्यक्ष निबाल्दोने सभेत जाहीर केलं, "बाया नुसत्या पळतात. जोर कुठे लावतात? उलट पायात येतात. सान पेद्रोपासून रहाटावर फक्त पुरुष."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. आता काहीतरी सणसणीत ऐकायला मिळणार म्हणून मी खुर्ची पुढे ओढली. ती उठली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या कामाच्या जागी आली. हातात भाजक्या गव्हाचं पीठ दळायची हातगिरणी. तिच्या फिरकीचा दांडा मोडून बोटभर खुंटी उरली होती.

"मावशी, काल गप्प का बसलीस?"

"काय बोलू? नवरा समुद्रातून आला नाही, त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी बाकीच्या बायांबरोबर तो दांडा ढकलते. हसते, शिव्या घालते. घरी बसवलं ना मला, तर मी भिंतीकडे बघत बघत मरेन, लिसार्दो. थट्टा करत नाहीये."

मला फार वाईट वाटलं. मान खाली घालून मी गिरणी पाहिली. ती म्हणाली, "त्या खुंटीने दळायला गेले. दोन्ही हातांनी जोर लावला, मूठभर गहूही दळला गेला नाही." मी ओकच्या लाकडाचा वीतभर दांडा बसवून दिला. तिने एका बोटाने ढकलला. गिरणी गर्रकन फिरली.

ती बोटाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. आणि जे हसू काल सभेत यायला हवं होतं, ते हळूहळू तोंडभर पसरलं.

"लिसार्दो, खुंटाजवळ उभा राहून तू नक्की काय करतोस रे?"

"जोर लावतो."

"लाव बाबा, लाव."

मी सुतार आहे. आयुष्यभर लांब पहारेने खिळे उपटले आहेत, आखूड पहारेने उपटताना घाम काढला आहे. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, याला काय म्हणावं?

रविवारी प्रार्थनेनंतर तिने निबाल्दोला चारचौघांत गाठलं. "तुझंच बरोबर. आम्ही बाजूला होतो. फक्त एक वचन दे. पुरुषांनी मानाच्याच जागी उभं राहायचं. सान पेद्रोच्या देखत बायकांच्या जागी उभं राहून वाडीचं नाक कापायचं नाही."

निबाल्दोने छातीवर हात ठेवून शपथ घेतली. वर तिच्या समजूतदारपणाचं कौतुकही केलं.

सणाच्या दिवशी कागदी फुलांनी मढलेल्या होड्या समुद्रात फिरून आल्या. संताची मूर्ती अर्थातच निबाल्दोच्या होडीत. होडीचं नाक वाळूला लागलं, मागून लाटा. आम्ही आठ जण खुंटाला भिडलो, एका दांड्याला दोघे. जोर लावला. रहाट कुरकुरला आणि गप्प झाला.

मावशी उलट्या खोक्यावर बसून तळलेली भोपळ्याची पोळी खात होती. "कण्हा ना जरा. कण्हलं की येते ती."

आम्ही कण्हलो. होडी बोटभरही हलली नाही. तिसऱ्या लाटेला संताचा झगा गुडघ्यापर्यंत भिजला.

मी निबाल्दोच्या कानात म्हटलं, "जरा टोकाकडे सरकूया."

"शपथ घेतलीय मी! आणि बायकांच्या जागी? पाद्रीबाबांसमोर?"

पुढच्या लाटेने फुलं नेली. पाद्रीबाबा म्हणाले, "निबाल्दो, संत पोहायला आलेले नाहीत."

निबाल्दोचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला होता. तो हळूच म्हणाला, "एर्सिलिया."

"काय रे?"

"ये."

"मला मनाई आहे. तूच केलीस ना?"

"उठवली मनाई. कायमची. आता ये ना, बाई."

"कायमची म्हणालास. पाद्रीबाबा, ऐकलंत ना?" तिने हात पुसले, तीन बायांना हाक मारली. "तुम्ही बाजूला व्हा सगळे. लिसार्दो, तूसुद्धा."

चार बाया चार टोकांना लागल्या. रहाट फिरायला लागला. होडी वर आली. कोणी कण्हलं नाही. बायांच्या पावलांचा आवाज आणि दोराची करकर तेवढी ऐकू येत होती. आम्ही आठ मानकरी हात लोंबकळत उभे होतो. इतकी लाज मला लग्नातसुद्धा वाटली नव्हती.

निबाल्दोने संताला उचलून कोरड्यात ठेवलं, स्वतःच्या कोटाने त्यांचे पाय पुसले. बराच वेळ पुसले. मग रहाटापाशी आला.

"एर्सिलिया, उद्या कुठे उभी राहणार?"

"माझ्या जागी, टोकाला. आणि तू?"

त्याने खुंटाकडे बघितलं, मग दांड्याच्या टोकाकडे. "तुझ्या शेजारी. जागा असेल तर."

"जागा नाही," मावशी म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "पण दांडा लांब करता येतो. काय रे लिसार्दो?"

चारही दांडे मी हातभर वाढवून दिले. निबाल्दो रोज तिच्या पलीकडे, सगळ्यांत मोठ्या फेऱ्यात धावतो, आणि धाप लागली की ती त्याला विचारते, "कसा आहेस?"