बाईंचा उजवा पाय

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या डॉक्टरबाई मोतीबिंदूचं ऑपरेशन पायाने करत. तेही अनवाणी! आता बाई नाहीत, म्हणून गुपित फोडतो.

हसू नका. हात तर सगळेच डॉक्टर चालवतात. पण मोतीबिंदू फोडून त्याचा चुरा ओढून घेणारं मशीन चालतं पायाखालच्या पायडलवर. थोडं दाबलं की बाटलीतलं पाणी डोळ्यात शिरतं, आणखी दाबलं की ओढ सुरू. ओढ पाण्याच्या पुढे गेली, तर डोळा आतून बसतो आणि मागचा पातळ पडदा फाटतो. बाई चप्पल काढून तळव्याने ती ओढ जोखत. मी शेजारी उभा, पाण्याची बाटली वर-खाली करायला.

"आधी देजो, मग घेजो," हे त्यांचं पालुपद. पाण्याबद्दल, आणि माझ्याबद्दलही. जाम गावच्या चौकातून ताज्या बातम्या घेऊन आलो की म्हणत, "आधी चहा देजो बाप्पा, मग माझा जीव घेजो."

मग शुगरने त्यांना गाठलं. एकदा जिन्यात त्यांची एक चप्पल मागेच राहिली आणि बाईंना पत्ताच नाही, तशाच वर आल्या. मी ती दोन्ही हातांवर घेऊन मागोमाग हजर. "महाराणीसाहेब, ही पादुका कोणत्या गादीवर ठेवू?"

बाई हसल्या नाहीत. पायाकडे नुसत्या बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी टेबलावर रोहणा गावची एक आजी होती. डोळा बधिर केलेला, तोंडावर हिरवं कापड, पण आजी टक्क जागी. मशीन लागलं, पाणी आत गेलं, आणि बाई थांबल्या.

"माझा पाय पायडलवर हाये का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

मला वाटलं, नेहमीची थट्टा. वाकून पाहिलं. "आहे ना बाई! मुक्काम ठोकून बसलाय."

"मले समजून नाई राह्यलं."

ओढ अजून सुरू केली नव्हती, डोळा सुखरूप होता. बाईंनी मशीनची सुई अलगद बाहेर काढली, दवाखान्यातल्या धाकट्या डॉक्टरांना बोलावलं आणि त्या उठल्या. ऑपरेशनच्या स्टुलावर त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत.

पण तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या, मास्कच्या वर डोळे गच्च मिटून. शेवटी कापडाखालून आजीच ओरडली,

"काऊन थांबल्या वं बाई? करा नं! मले काईच दुखलं नाई!"