गाडीतली झोप

आई गेल्यावर मी रडलो नाही. नातेवाइकांनी कौतुक केलं, पोरगा खंबीर आहे म्हणून. खंबीर वगैरे काही नव्हतो. दात काढल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं. जेवायचो, कामावर जायचो, भेटायला आलेल्यांना चहा द्यायचो. वडिलांचंही तेच. बदलापूरपुढच्या चामटोलीच्या दोन खोल्यांना कुलूप लावून ते विठ्ठलवाडीला आमच्याकडे राहायला आले आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसले. ही नव्वद सालाच्या आगेमागेची गोष्ट.

रविवारी मात्र त्यांना चामटोलीला जायचं असायचं. आईने लावलेल्या तीन चिकूंना पाणी घालायला. त्यासाठी मी माझी जुनी गाडी काढायचो. गाडी तिसऱ्या हाताची, खालचा पत्रा गंजलेला, इंजिन सुरू झालं की टकटक वाजणारी. तो आवाज मला ऐकू येत होता. पण ऐकू येणाऱ्या गोष्टीचं काही करावं, असं त्या दिवसांत वाटायचं नाही.

आमच्या भागात गाडी चालवण्याचा एक नियम होता, तो कुणाला शिकवावा लागत नसे. नाला आला की काचा वर. उल्हासनगरचा नाला मागे पडला की अंबरनाथच्या केमिकल कंपन्या, म्हणजे काचा वरच. माझ्या बाजूची मी चार बोटं उघडी ठेवायचो, कारण मला सिगारेट लागायची. बाबांच्या बाजूची घट्ट बंद. त्यांना वासाचा त्रास नको म्हणून मी स्वतः वाकून ती वर करायचो.

आणि बाबा झोपायचे. अंबरनाथ यायच्या आत त्यांची मान छातीवर आलेली असायची. मला बरं वाटायचं. त्या दिवसांत बरं वाटावं असं तेवढंच होतं, म्हणून त्यांना जरा जास्त झोप मिळावी या हिशेबाने मी गाडी हळू चालवायचो.

बायको दोनदा आली आणि यायची थांबली. म्हणाली, गाडीत बसलं की डोकं चढतं. सासूच्या झाडांना पाणी घालायचा कंटाळा, दुसरं काय, असं मला वाटलं. माझा स्वभाव असा की मनातलं मनात राहत नाही. तोंडावर म्हणालो.

एका रविवारी चामटोलीला पोचलो, गाडीचं दार उघडलं, बाबांना हाक मारली. उठेनात. खांदा हलवला तर मान तशीच लोंबकळली. शेजारची म्हातारी भाताचं सूप टाकून धावत आली. "अरं, भायेर काढ त्यांना, वाऱ्याव बसव!" दोघांनी धरून त्यांना चिकूखाली आणलं. त्यांना उलटी झाली. अर्ध्या तासाने तोंडावर रंग आला आणि त्यांनी विचारलं, पोचलो का?

डॉक्टर म्हणाले, वय झालंय, बायको गेल्याचं मनाला लावून घेतलंय. मला पटलं. पटवून घ्यायला सोपं होतं.

त्याच आठवड्यात टकटक इतकी वाढली की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, म्हणून मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात इंजिनाच्या जोडात घालायचं पॅकिंग घ्यायला गेलो. दुकानदार सिंधी, वयस्कर. गल्ला सोडून तो बाहेर आला, बॉनेटमध्ये वाकून ऐकलं आणि म्हणाला, "साईं, आवाज की बात छोड़ो. गाड़ी में बैठके किसी को नींद आती है क्या?"

"वडिलांना येते," मी म्हणालो.

"जॉइंट से धुएँ का गैस अंदर आ रहा है. काँच बंद रखते हो ना? इधर सब रखते हैं."

आता माझा धंदा सांगायला हवा. मी अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होतो. दिवसभर पाइपांच्या जोडांवर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा कुठे येतो ते बघायचं आणि तो जोड आवळायचा. पगार त्याचाच मिळायचा. आणि माझ्याच गाडीत, माझ्याच बापाच्या पायाखाली जोड गळत होता. लाज वाटली म्हणावं, तर तीही धड वाटली नाही. पॅकिंग घेतलं, पैसे दिले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. धूर गळक्या जोडातूनच बाहेर यावा म्हणून सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली आणि बायकोला गाडी सुरू करायला सांगितलं. तिने आधी चारही काचा खाली केल्या. इंजिनाला सायलेन्सरचा पाइप जोडतो तिथे मी तळहात धरला. गरम फुंकर लागली, हात काळा झाला. इंजिन निवल्यावर नट रॉकेलमध्ये भिजवले. दोन सुटले, तिसऱ्याचा बोल्ट तुटलाच, तो ड्रिल मारून काढून नवा घालावा लागला. जुनं पॅकिंग करपलेल्या पापडासारखं हातात आलं. जोडाची दोन्ही तोंडं पॉलिश पेपरने घासली, नवं पॅकिंग बसवलं, तिन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. बाबांच्या पायाखालची चटई उचलली तर भोकातून जमीन दिसत होती. तिथे पत्रा ठोकला. मग पुन्हा चिंधी कोंबून बघितलं. इंजिन गुदमरून बंद पडलं, पण जोडातून वाफसुद्धा आली नाही. एवढा चांगला जोड मी कंपनीतही बसवला नव्हता.

बायकोला म्हणालो, चुकलो. ती म्हणाली, "माझं राहू दे. बाबांचं बघा."

रविवारी निघालो. नाला आला, काचा वर केल्या. अंबरनाथ गेलं. बाबा जागे, समोर बघत. मी खुशीत होतो. काय बिघडलं होतं, कसं नीट केलं, सगळं त्यांना सांगितलं, जरा फुशारकीनेच. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे ती झोप त्या धुराची होती," ते म्हणाले.

"झोप कसली बाबा, विष होतं ते. आणखी दोन-चार रविवार गेले असते तर..."

"हो रे."

बदलापूरची घरं दिसायला लागल्यावर त्यांनी विचारलं, "तो जोड थोडा सैल ठेवता येतो का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करणारे नव्हते.

"घरी मी डोळे मिटून पडतो, तुम्हाला काळजी नको म्हणून. ती गेल्यापासून झोपलो तो या गाडीतच."

"नाही!" मी ओरडलोच.

दुकानदाराने माल नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक मान हलवतं, तशी त्यांनी हलवली. म्हणाले, "बरं."

तेव्हा माझ्या छातीत दुखलं, आई गेल्यापासून पहिल्यांदा. त्यांना तेवढीच झोप होती, आणि ती मी माझ्या हाताने, निगुतीने बंद केली होती. त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. चामटोली येईपर्यंत आम्ही दोघंही जागे होतो.