नोरीन डोंगर उतरते

नोरीन थेक्स्टनला कुणी विचारलं, तुझा हा अंगठा असा वाकडा कसा, तर ती अंगठ्याचं काही सांगायची नाही, जागा सांगायची. "रेल्फच्या फाटकापाशी." मनगट ओढ्यावरच्या फळीवर. दोन बरगड्या शेताच्या दगडी गडग्यावरून उडी मारताना. हॅलबेकच्या खोऱ्यात असा एकही डोंगर नव्हता जिथे तिचं काहीतरी मोडलं, मुरगळलं किंवा सोलवटलं नव्हतं. क्लिफ, तिचा नवरा, म्हणायचा की हिला पुरायची वेळ आली की फार काही उरलेलं नसेल, निम्मी आधीच डोंगरावर आहे.

ती गावच्या प्राथमिक शाळेत स्वयंपाकीण. वय त्रेपन्न, अंगाने बारकी, केस स्वतःच कापलेले. धावायला लागली चाळिशीच्या तोंडावर, आणि तेही कुत्र्यामुळे. शेजारचं कुत्रं मेंढ्यांच्या मागे लागून डोंगरावर पळालं, त्याला धरून आणायला ती स्वयंपाकघरातल्या बुटांनिशीच वर गेली. कुत्रं आपलं आपण घरी परतलं. नोरीन मात्र वर उभी होती, छाती भात्यासारखी हलत होती, आणि खाली जावं असं काही तिला वाटेना. त्याच आठवड्यात ती गावातल्या धावणाऱ्यांच्या क्लबात जाऊन बसली. सायकल नंतर आली. गुडघा कुरकुर करायला लागला तेव्हा कुणीतरी सांगितलं की गुडघ्याला सायकल चांगली. रस्त्यावर चालवली तर चांगली, एवढं सांगायचं राहून गेलं. नोरीनने जाड चाकांची सायकल घेतली आणि ती थेट मेंढवाटांवर घातली.

क्लिफ पाटीच्या दगडाच्या खाणीतून निवृत्त झालेला. त्याला चढ आवडत नसे, उतारही आवडत नसे. शनिवारी बायको एकदा डोंगराकडे गेली की त्याचे दोन मित्र, नॉर्मन आणि विल्फ, मागच्या दाराने यायचे, आणि तिघे स्वयंपाकघरात डॉमिनोच्या सोंगट्या मांडून बसायचे. इतकी वर्षं दोघांचा संसार सुखाचा झाला त्यात या शनिवारांचा वाटा मोठा होता.

त्या वर्षी मार्चमध्ये ती एकटीच वरून उतरत होती. पाऊस नुकताच थांबला होता, सुटे दगड तेल लावल्यासारखे चमकत होते. तिला घाई कसलीच नव्हती. पण उतार दिसला की नोरीनचे पाय तिचं ऐकत नसत. एक दगड हलला, उजवा पाय आत वळला, आणि गाजर मोडावं तसा आवाज आला. जन्मभर गाजरं मोडलेली बाई ती, तिला आवाज लगेच ओळखू आला.

पाय टेकवेना. मग ती बसल्या बसल्याच खाली सरकत निघाली, दोन्ही हात मागे टेकून, दुखरा पाय उचलून धरून. अर्ध्या वाटेवर आयझॅक रेल्फ त्याच्या चारचाकी मोटारसायकलवरून येताना दिसला. मागच्या छोट्या ट्रेलरमध्ये एक मेंढी होती.

आयझॅकने गाडी थांबवली आणि तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आता काय मोडलं?"

"घोटा."

"तो आधी मोडलेला नव्हता?"

"तो डावा."

"हं," आयझॅक म्हणाला. त्याने तिला बखोटीला धरून उचललं आणि ट्रेलरमध्ये बसवलं. "मेंढीला धक्का देऊ नकोस. गाभण आहे ती."

त्या मेंढीने गाव येईपर्यंत नोरीनच्या कानाशी श्वास सोडला. खडखडत, हिंदकळत ती घरापर्यंत आली, आणि नेमकी शाळा सुटायची वेळ होती. गावातल्या सगळ्या आयांनी ही मिरवणूक पाहिली.

हाड शाबूत होतं, पण दोन लिगामेंट फाटली होती. तालुक्याच्या गावी इमोजेन नावाची फिजिओ होती, पंचविशीतली, शांत बोलणारी. तिने घोटा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी हळूच फिरवला आणि विचारलं, "किती वेळा मुरगळलाय हा?"

"फार नाही," नोरीन म्हणाली.

"खोटं बोलते ती," दारात उभा असलेला क्लिफ म्हणाला.

धावणं बंद. डोंगर बंद. बुधवारचा क्लब बंद. शाळेत ती उंच स्टुलावर बसून बटाटे सोलायची, ते जमत होतं. शनिवार जमत नव्हता. पहिल्या शनिवारी नॉर्मन आणि विल्फ मागच्या दाराने आत आले, तर नोरीन स्वयंपाकघरात, पाय खुर्चीवर, घोट्यावर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी. तिघे अवघडून बसले. नोरीनने तासाभरात डॉमिनो समजून घेतला आणि मग सल्ले द्यायला सुरुवात केली.

"विल्फ, ती का लावलीस? तुझ्याकडे सहा होता की."

विल्फने क्लिफकडे पाहिलं. क्लिफने खिडकीबाहेर पाहिलं.

तिसऱ्या शनिवारी नॉर्मन आलाच नाही. त्या संध्याकाळी क्लिफ अगदी मऊ आवाजात म्हणाला, "त्या पोरीला विचारून बघ ना, सायकल चालेल का ते. बाहेरची हवा लागेल तुला."

एप्रिल संपता संपता इमोजेनने सायकलला परवानगी दिली. फक्त रस्त्यावर, फक्त सपाट. "मला शब्द द्या," ती म्हणाली. नोरीनने शब्द दिला, आणि देताना तो खराच होता. आठवडाभर ती तळ्याकाठच्या रस्त्याने शहाण्यासारखी फिरली. मग एका सकाळी ऊन पडलं, नेच्यांचे कोवळे कोंब मुठी उघडत होते, आणि जुन्या खाणीकडे जाणाऱ्या वाटेचं फाटक कुणीतरी उघडं टाकलं होतं. निदान तिने नंतर तरी असंच सांगितलं. वाट बरी होती, घोटा बरा होता, सगळंच बरं होतं. मग हिरवळीसारखी दिसणारी दलदल आली, पुढचं चाक तिच्यात उभं रुतलं, आणि नोरीन सायकलवरून पुढे गेली.

यावेळी कॉलरबोन.

चिखलात उताणी पडल्या पडल्या ती रडली. दुखत होतं म्हणून नव्हे. आता इमोजेनला काय तोंड दाखवायचं, या विचाराने.

इमोजेन रागावली नाही, आणि तेच वाईट होतं. हात झोळीत बांधलेला, अंगावर क्लिफचा ढगळ शर्ट, अशी नोरीन तिच्यासमोर बसली होती. इमोजेनने खुर्ची जवळ ओढली.

"मला एक सांगा. तुम्हाला बरं व्हायचंय, की फक्त बाहेर पडायचंय?"

"बाहेर पडायचंय," नोरीनच्या तोंडून निघून गेलं.

"मग तसं सांगायचं होतं. मी त्या हिशेबाने ठरवलं असतं."

घरी येताना गाडीत नोरीन झोळीची गाठ चाचपत विचार करत होती. एवढी वर्षं तिला दुखणं काढायची एकच तऱ्हा माहीत होती: दात-ओठ खाऊन दिवस काढायचे, आणि मिळेल त्या पहिल्या सकाळी सुटायचं. दुसरीही काही तऱ्हा असू शकते हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती दुसरी तऱ्हा डॉट माउन्सीने दाखवली. डॉट क्लबात सगळ्यांत जुनी, सत्तरीला आलेली. दोन्ही खुबे बदललेले, आवाज शिट्टीसारखा. एका गुरुवारी ती दारात येऊन उभी राहिली.

"चल पोरी, सभागृहात. आमची लंगड्यांची टोळी जमते."

"माझा हात बांधलेला आहे, डॉट."

"मग छानच. तुला चहा करावा लागणार नाही."

गावच्या सभागृहाच्या पायऱ्यांवर सातआठ जण होते. कुणाची टाच धरलेली, कुणाची पाठ, एकाचा गुडघा उघडून परत शिवलेला. सगळे पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून टाचा खाली-वर करत होते आणि गावातल्या कुणाचं काय चाललंय ते बोलत होते. नोरीनला या लोकांना वर्षानुवर्षं पाठमोरं पाहायची सवय होती, किंवा मागे टाकायची. त्यांच्याशी सलग तासभर बोलणं असं कधी झालंच नव्हतं. पोस्टमन डग्लसची बायको पोलिश शिकते आहे हे तिला तिथे कळलं. डॉट नवऱ्याला न सांगता नाचाच्या क्लासला जाते हेही.

"तू बरी असतानाचं शेवटचं कधी आठवतं तुला?" तिने डॉटला विचारलं.

डॉटने टाचा खाली नेल्या, वर आणल्या. "पूर्ण बरी? लग्नाआधी असेन." मग म्हणाली, "जो अवयव चालतोय त्याला घेऊन निघायचं. बाकीचे मागून येतात."

इमोजेनने दिलेला व्यायाम साधा होता: उजव्या पायावर एकटीने उभं राहायचं, दात घासताना, किटली उकळताना, जमेल तिथे. नोरीन शाळेत जेवण वाढताना उभी राहू लागली. एक हात झोळीत, दुसऱ्यात कस्टर्डचा डाव, आणि डावा पाय मागे दुमडलेला, तळ्यातल्या बगळ्यासारखा. पोरांनी पहिल्या दिवशी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गाची अख्खी रांग ताटं धरून एका पायावर उभी होती. आठवडाभरात ते सगळ्या शाळेत पसरलं. रांगेत दोन्ही पाय टेकले तर शेवटी जायचं, असा नियमही पोरांनीच केला.

मुख्याध्यापिका मिसेस प्रिचर्ड पाहणीला आल्या. त्यांनी रांगेकडे पाहिलं, मग नोरीनकडे.

"हे काय आहे, नोरीन?"

"घोट्याचा व्यायाम."

"यांच्या घोट्यांना काय झालंय?"

"काही नाही. होऊही नये म्हणून."

मिसेस प्रिचर्डनी थोडा विचार केला. नंतर त्यांनाही वाढून घ्यायचं होतं, तेव्हा भिंतीला एक बोट टेकवून त्या एका पायावर उभ्या राहिल्या. पोरांनी ते बोट काढायला लावलं.

जुलैत झोळी निघाली. नोरीन चालू लागली, मग चढ धावत चढू लागली. चढाने घोटा दुखत नसे. ऑगस्टच्या शेवटी खोऱ्यात मेंढ्यांची जत्रा भरते आणि जत्रेच्या दुपारी डोंगराची शर्यत होते: मैदानातून निघायचं, वरच्या दगडांच्या राशीला हात लावायचा, परत यायचं. ती इमोजेनकडे गेली आणि यावेळी खरं सांगितलं.

"मला शर्यतीत जायचंय."

इमोजेन हसली. "चढ धावा. उतार चाला. एक पाऊलही पळायचं नाही. जमेल?"

"नाही," नोरीन म्हणाली. "पण करीन."

शर्यतीच्या दिवशी हवा स्वच्छ होती. महिनाभर फक्त चढच केल्यामुळे नोरीनच्या छातीत कधी नव्हती एवढी ताकद आली होती. गडगा ओलांडला, नेचे मागे पडले, आणि पुढे पाहावं तर मोजकीच माणसं. वरच्या राशीला तिने हात लावला तेव्हा बायकांत ती दुसरी होती. असं आजवर कधी झालं नव्हतं. समोर सगळा उतार पसरला होता, खाली मैदानातले तंबू, आणि मधलं गवत असं मऊ, असं सरळ, की तिच्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या. पुढची बाई फार लांब नव्हती.

नोरीनने एक श्वास घेतला आणि चालायला लागली.

मग सगळा क्लब तिच्या अंगावरून गेला. एकेक जण दगडांवरून उड्या मारत यायचा आणि जाता जाता काहीतरी टाकून जायचा.

"काय गं, बाजारात चाललीस?"

"नोरीन, काही हरवलंय का?"

"घड्याळ बंद पडलंय का तुझं?"

डग्लस पोस्टमन ओरडत गेला, "पत्र असेल तर देतो पोचवून."

सुरुवातीला तिची कानशिलं तापली. शेवटी ती स्पर्धेतली बाई होती, एवढ्या वर्षांत कुणाला सुखासुखी पुढे जाऊ दिलं नव्हतं. एका ठिकाणी तर पाय दोनतीन पावलं पळालेच, तिने त्यांना आवरलं. मग हळूहळू गंमत वाटायला लागली. प्रत्येकाचा चेहरा तिला दिसत होता, आणि उतरताना माणसं केवढे भयंकर चेहरे करतात. दात विचकलेले, डोळे वटारलेले. आपणही एवढी वर्षं असंच तोंड करून उतरत होतो की काय, असं तिला वाटलं, आणि ती एकटीच हसत सुटली. आता तिने उलटून बोलायला सुरुवात केली. "तोंड मीट, माशी जाईल." "गुडघे वाकव, विम्याचा हप्ता भरलायस का?" एक परका तरुण तिचं ऐकून खरंच गुडघे वाकवून गेला.

सगळ्यांत शेवटी डॉट आली, बेताबेताने, नव्या खुब्यांना सांभाळत.

"मला वाटलं, आज मी शेवटची नाही," डॉट म्हणाली.

"तू पुढे जा. मी आहे शेवटची."

"छे. तुझ्याशी बोलत येते."

गडग्यापाशी दोघी थांबल्या, उडी न मारता पायरीच्या दगडांवरून एकेक पाय टाकत उतरल्या. मैदानात शिरल्या तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि मेंढ्यांचा निकाल चालला होता. कर्ण्यावरच्या माणसाने मेंढ्यांचं मध्येच थांबवून सांगितलं की शर्यतीतल्या शेवटच्या दोन स्त्रिया पोचल्या आहेत, आणि दोघीही उभ्या आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विजेत्याला मिळाल्या त्यापेक्षा जास्तच मिळाल्या, असं क्लिफ पुढे कुणाकुणाला सांगत राहिला.

तो दोरीपाशी उभा होता, हातात मटणाची गरम पाई. त्याने आधी तिच्या पायाकडे पाहिलं, मग खांद्याकडे, मग चेहऱ्याकडे.

"काय मोडलं?"

"काही नाही."

"नक्की?"

"उतरले मी, क्लिफ. नुसती उतरले."

त्याने पाई तिला दिली. अर्धी त्याने आधीच खाल्ली होती. तिघे ओढ्याकाठी जाऊन बसले. नोरीनने बूट-मोजे काढून पाय पाण्यात सोडले. पाणी बर्फासारखं गार होतं. डॉट नाचाच्या क्लासबद्दल क्लिफला सांगत होती आणि त्याच्याकडून शपथ घेत होती की नवऱ्याला सांगणार नाही. नोरीन पाईचा कडक कडेचा भाग चावत पाण्यातल्या आपल्या पायाकडे पाहत होती. घोटा थोडा जाड दिसत होता. आता तो तसाच राहील, असं इमोजेनने सांगितलं होतं. तिने बोटं हलवून पाहिली, उजवीकडची, डावीकडची, आणि पाई संपवली.