इंझोरीला आलेले पाहुणे

पोह्यांवर सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, चिरून टाकला, की त्या वासासरशी मला इंझोरीतली आमची बैठक आठवते. मला पाहायला रिसोडहून पाहुणे आले होते. मी तेव्हा एम.ए. करत होते, विषय इस्लामी विचार, विज्ञान आणि संस्कृती. ‘फक्त इतिहास म्हनजो,’ असं आईनं आत बजावलं होतं. पण मुलाच्या काकांनी विषय विचारला, तेव्हा मी त्याचं पूर्ण नाव सांगितलं. काका म्हणाले, ‘आपन बौद्ध मानसं. तुले कायले पाह्यजे त्यायचं शास्त्र?’ मी म्हटलं, ‘काका, त्यायनं ताऱ्यायचा अभ्यास केला, दवाखाने उभारले. ते वाचायले धर्म बदलावा लागते का?’ ‘लग्नाआधी हे सोडा लागीन,’ ते म्हणाले. ‘मंग लग्न राहू द्या,’ मी म्हटलं. पाहुणे पोहे तसेच टाकून उठले. आई रडायला लागली. बाबा तिला म्हणाले, ‘रडून काहून राह्यली? पोरगी खोटं बोलली नाही.’ माझं लग्न पुढे झालं, जरा उशिरा. आता त्याच विषयात पीएचडी करते आहे, आणि कुणी ‘कायले?’ विचारलं तर अजूनही आवाज खाली घेत नाही.